पाहुण्यांच्या पैशातून गावाची राई : पहिल्या तीन वर्षांचं काम

एक रोप लावायला दहा मिनिटं पुरतात. ते आपल्या मुळांवर उभं राहायला तीन पावसाळे आणि मधले उन्हाळे जावे लागतात. गावात निसर्ग पर्यटन सुरू करून त्यातून जंगल राखायचं असेल, तर पाहुण्यांकडून येणारा पैसा मुख्यतः या राखणीवर खर्च झाला पाहिजे. वृक्षारोपणाचे बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात. जुलैत शंभर माणसं येतात, फोटो निघतात आणि फेब्रुवारीत गुरं आत शिरतात तेव्हा तिथे कोणी नसतं.

हा लेख अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डांगाणापासून जुन्नर, आंबेगाव, भोर, वेल्ह्यापर्यंतच्या सह्याद्रीतल्या गावांसाठी आहे. कोकणात किंवा विदर्भात झाडांच्या जाती आणि तारखा बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

जमीन आणि ठराव

पहिल्या वर्षी एक एकर पुरे. चार मीटर बाय चार मीटर अंतराने एकरात साधारण अडीचशे रोपं बसतात, आणि नव्या गटाला एवढीच झेपतात.

जमीन कोणाची आहे ते आधी कागदावर बघा. मालकीची असेल तर सातबारा, गटाचा नकाशा आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने दोन वर्षांनी गुरं सोडली, असं व्हायला वेळ लागत नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. वनखात्याच्या जमिनीवर परस्पर खड्डा मारायचा नाही. तिथे संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत किंवा मंजूर सामूहिक वनहक्काच्या आधारे काम करता येतं. वनहक्क कायदा २००६ चा आहे. मिळालेलं वनक्षेत्र राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टरवर असा हक्क मिळाला. काम उभं करण्याआधी त्या गावाचा कारभार समजून घ्यावा. जागा अभयारण्यात असेल, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगडच्या हद्दीत, तर वनखात्याच्या वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय रोपंही लावायची नाहीत आणि पाहुणेही न्यायचे नाहीत.

ग्रामसभेच्या ठरावात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : चतुःसीमा, किती वर्षं चराईबंदी, गवत कोणी आणि कधी कापायचं, पाहुण्यांकडून आलेला पैसा कोणत्या खात्यात जाणार, आणि नियम मोडल्यास काय. त्या जागेत गुरं चारणाऱ्या घरांना सभेला हजर ठेवा. त्यांचं नुकसान भरून निघालं नाही तर कुंपण टिकत नाही. उत्तम तोडगा म्हणजे ‘चारायचं नाही, कापून न्यायचं’. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत त्याच घरांनी विळ्याने कापून न्यावं. त्यांचा चारा सुटतो आणि वणव्याला जळण कमी राहतं.

कुठे लावू नये

उघडी दिसते ती प्रत्येक जागा ओसाड नसते. कातळाचे सडे आणि पठारं यांवर पावसाळ्यात जी फुलं येतात त्यातली अनेक दुसरीकडे येत नाहीत. कास पठारावर झाडं लावली तर तिथली गेंदाची फुलं आणि सीतेच्या आसवांसारख्या कीटकभक्षी वनस्पती सावलीत संपतील. पठारी भागातले गवताळ माळ हे चिंकारा, लांडगे, धाविक पक्षी यांचं घर आहे. तिथे खड्डे मारणं म्हणजे जंगल वाढवणं नव्हे.

सह्याद्रीच्या उतारांवर बघायचं ते जुन्या खुंटांकडे. तोड झालेल्या जागी ऐन, किंजळ, जांभूळ, धावडा यांचे खुंट जिवंत असतात आणि दर पावसाळ्यात फुटतात. गुरं आणि वणवा ती फूट खातात. दहा पावलं बाय दहा पावलांच्या चौकोनात तीन-चार जिवंत खुंट किंवा आपोआप आलेली रोपं दिसली, तर तिथे नवीन लावण जवळपास नकोच. राखण करा, प्रत्येक खुंटावरचे दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कोयत्याने काढा. मूळ आधीच खोल गेलेलं असल्यामुळे असा फुटवा लावलेल्या रोपाच्या कितीतरी पुढे जातो. रोपं लावायची ती फक्त मोकळ्या राहिलेल्या ठिकाणी.

झाडांची निवड आणि बी

जवळच्या देवराईत जा आणि काय वाढलंय ते लिहून आणा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या तुकड्यांचं मोल सगळ्यांना कळलं आहे. त्या भागात मूळचं काय होतं, याचा जिवंत नमुना तिथे असतो. देवराईतून बी आणायचं तर गावच्या जाणत्यांना विचारून आणि पडलेलंच उचलून.

एका एकरात किमान पंधरा जाती असाव्यात. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, ऐन, अर्जुन, करंज, पळस, पांगारा, शिवण, कुसुंब, उंबर, आवळा, बहावा, भोकर ही चांगली सुरुवात आहे. कडेला करवंद, गेळा, तोरण अशी काटेरी झुडपं. अर्जुन ओढ्याकाठी लावा, पळस मुरमाड उतारावर. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी आणि गुलमोहर फुकट मिळाले तरी घेऊ नका. ते लवकर हिरवे दिसतात, पण इथल्या पाखरांना आणि फुलपाखरांच्या अळ्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही.

अडीचशे रोपं लावायची तर चारशे तयार करा. काही उगवत नाहीत, काही रोपवाटिकेत जातात, आणि पुढच्या वर्षी नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, साठ-सत्तर रोपं हाताशी लागतात.

बियांची वेळ चुकली की वर्ष चुकतं. हिरडा-बेहड्याची पिकून पडलेली फळं हिवाळा संपता संपता वेचायची. ज्या गावात बाळहिरडा (हिरड्याचं कोवळं फळ) काढतात तिथे चार-पाच चांगली झाडं ठरवून सोडावी लागतात, नाहीतर पिकलेलं फळच मिळत नाही. गर काढून हिरडा दोन दिवस पाण्यात भिजवा. तरी उगवण सावकाश आणि पुढेमागे होते, म्हणून महिनाभरात पिशव्या रिकाम्या करू नका. बेहड्याला एक दिवस पुरतो. आवळ्याची आठळी उन्हात वाळवली की तडकते आणि आतलं बारीक बी मिळतं. बहाव्याच्या बियांचं कवच टणक असतं. उकळी काढून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून तसंच रात्रभर ठेवायचं, किंवा खरखरीत दगडावर एक बाजू घासायची. करंज आणि पळस यांना काहीच करावं लागत नाही. जांभूळ आणि आंबा यांचं बी मात्र वाळलं की मेलं. खाल्ल्यावर आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे. उंबराचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यापेक्षा जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या कठड्यावर आलेली रोपं पावसात अलगद काढून पिशवीत लावणं सोपं. बिब्याच्या फळाला पाहुण्यांना हात लावू देऊ नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते.

पिशवी सहा बाय आठ इंचांपेक्षा लहान नको. दोन घमेली पोयट्याची माती, एक वाळू, एक पूर्ण कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलं तर मुळं करपतात आणि वाळवी लागते. पिशव्या महिन्या-दीड महिन्याने जागेवरून हलवा, नाहीतर सोटमूळ खालच्या जमिनीत शिरतं आणि लावणीच्या दिवशी तुटतं. लावणीआधी महिनाभर सावली काढा आणि पाणी कमी करा. सावलीत लाडावलेलं उंच, लुकडं रोप उघड्या उतारावर पहिल्या उघडिपीत मान टाकतं. दीड ते तीन फूट उंच आणि बुंध्याला जाड, असं रोप निवडा.

खड्डे आणि लावणी

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मुरमाड जमिनीत एक माणूस दिवसाला आठ-दहा खड्डे मारतो, म्हणजे एकराला पंचवीस-तीस माणसांचे दिवस. हे मजुरीचं काम आहे, गावातल्यांना पूर्ण मजुरी देऊनच करून घ्यावं. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना काळी माती तळाशी मुळांजवळ जाते, मुरमाचा उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्र बांध होतो. खड्ड्यात दोन घमेली शेणखत आणि वाळवी असेल तर मूठभर निंबोळी पेंड.

पहिल्या सरीला लावू नका. वळवाने वरची दोन बोटं भिजतात, मग आठ-दहा दिवस ऊन पडतं आणि रोप जातं. टिकावाने उकरून बघा. वीतभर खोल माती ओली असेल आणि पाऊस लागून राहिला असेल तेव्हाच सुरुवात. घाटमाथ्यावर ही वेळ साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि जुलैअखेर संपवावी, म्हणजे थंडीपर्यंत मुळांना तीन महिने मिळतात.

पाहुण्यांकडून लावून घेताना दर पाच जणांमागे गावातला एक जाणता हवा. चुका ठरलेल्या असतात. पिशवी ब्लेडने उभी कापण्याऐवजी रोप खोडाला धरून उपसतात आणि मातीचा गड्डा फुटतो. पिशवी खड्ड्यात तशीच राहते. रोप खूप खोल जातं आणि बुंधा कुजतो. पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक असावी. घाटघर-रतनवाडीसारख्या अतिपावसाच्या भागात तर माती किंचित उंचवट्यासारखी चढवायची, नाहीतर खड्ड्याचं डबकं होतं. शेवटी माती पायाने सगळीकडून दाबायची, कारण पोकळी राहिली की मुळं हवेत लटकतात. काठी रोपापासून वीतभर दूर ठोकून सैल बांधावी. सुकलेल्या पाल्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका.

सीड बॉल फेकण्याची मागणी पाहुण्यांकडून नेहमी येते. उघड्यावर पडलेलं बी बहुतेक उंदीर आणि मुंग्या नेतात किंवा ते पहिल्या उघडिपीत करपतं. त्याऐवजी त्यांना टोकण शिकवा : पहारीने भोक, जांभूळ, करंज किंवा आंब्याच्या दोन-तीन बिया, बियांच्या जाडीच्या दुप्पट माती, वर काटेरी फांदी. साळिंदर आणि रानडुक्कर काही उकरतीलच, म्हणून टोकण ही लावणीला जोड आहे, तिच्या जागी नाही. लहान मुलांना हे काम फार जमतं.

प्रत्येक झाडावर पाहुण्याच्या नावाची पाटी नको, खोडाला खिळा तर अजिबात नको. एखादं झाड मरणारच आणि मग त्या नावाचं काय, हा प्रश्न उरतो. गटाला एक पट्टा द्या आणि त्या पट्ट्याचा हिशेब त्यांना कळवत राहा.

राखण

कामाचा खरा जीव इथे आहे. ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये प्रत्येक रोपाभोवती हातभर गवत काढायचं. हे राहिलं तर कमरेएवढ्या गवतात रोप पिवळं पडून गुदमरतं, आणि पुढे गवत कापणाऱ्याच्या विळ्यात येतं. रानमोडी हे तण फुलायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, मुळासकट उपटा. फुलल्यावर उपटलं तर बी वाऱ्याने सगळीकडे जातं.

कुंपणाला तार महाग पडते आणि चोरीला जाते. दगड असतील तिथे चार फुटी गडगा, नसतील तिथे चर आणि त्याच्या मातीवर निवडुंग, सागरगोटा, करवंद. जिवंत कुंपण दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर काटेरी फांद्या आणि माणूस.

वणवा हा सर्वांत मोठा घात आहे. एका दुपारी तीन वर्षांचं काम जातं. डिसेंबर-जानेवारीत राईभोवती पाच-सहा मीटर रुंदीची जाळरेषा काढा : गवत कापून, पालापाचोळा ओढून, माती उघडी करून. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर वनरक्षकाला बरोबर घेऊन, सकाळी, वारा नसताना. भात-नाचणीच्या राब भाजणीतून (रोपांसाठी पाला जाळून जमीन भाजणं) सुटलेली आग हे नेहमीचं कारण. ज्यांचे राब लगत आहेत त्यांच्याबरोबर बसून तारखा ठरवा. त्या दिवशी राखणदार आणि चार माणसं ओल्या फांद्या आणि पाणी घेऊन हजर असावीत. आग उतारावर वरच्या दिशेने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. पाहुण्यांना वणवा विझवायला कधीही नेऊ नका.

पाण्याचा हिशेब साधा आहे. दर रोपाला दहा लिटर, दर बारा दिवसांनी, फेब्रुवारी ते मे. अडीचशे रोपांना एका पाळीला अडीच हजार लिटर, दहा पाळ्यांना पंचवीस हजार. एवढं पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्याला धक्का न लावता मिळत नसेल, तर रोपं कमी लावा. दुसऱ्या उन्हाळ्यात पाळी वीस दिवसांवर नेता येते, तिसऱ्यात बहुतेकांना गरज उरत नाही.

पैसा कुठून आणि किती

आकडे गावागणिक बदलतील, पद्धत अशी. समजा वर्षातल्या बारा शनिवार-रविवारी वीस-वीस पाहुणे आले, म्हणजे २४० माणसं. जेवण-मुक्कामाच्या पैशांशिवाय प्रत्येकाकडून ३०० रुपये राखण निधीत घेतले तर ७२,००० रुपये होतात. जानेवारी ते जून सहा महिने एका राखणदाराला महिना १०,००० दिले तर ६०,००० गेले. उरलेल्या १२,००० मध्ये पाण्याची नळी, ड्रम, विळे आणि पिशव्या. खड्ड्यांची मजुरी यात बसत नाही, ती रोजगार हमीतून किंवा देणगीतून उभी करा. ‘एक पाहुणा, एक झाड’ हे गणित इथे जवळपास जुळतं. त्याहून जास्त झाडं लावायचा मोह टाळा, कारण राखण निधी वाढल्याशिवाय एकर वाढवता येत नाही.

निधीचं बँक खातं वेगळं, सह्या तिघांच्या आणि त्यात किमान एक महिला. दर तिमाहीला जमा-खर्च ग्रामसभेत वाचून दाखवा. मुक्कामाची घरं पाळीने द्या. दोनच घरांना पाहुणे मिळायला लागले की बाकीचं गाव चराईबंदी पाळणं सोडतं. त्यासाठी रिसॉर्ट लागत नाही. रत्नागिरीतल्या वेळासला कासव महोत्सवाचे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात.

काजव्यांचा हंगाम आणि इतर महिने

लावणीचे शनिवार-रविवार जेमतेम पाच-सहा. बाकी वर्ष पाहुण्यांना काय दाखवायचं आणि काय करू द्यायचं हे आधी ठरवा : जानेवारी-फेब्रुवारीत बी वेचणं, पिशव्या भरणं आणि जाळरेषा, मार्चमध्ये पळस-पांगारा फुललेला असताना पक्षिनिरीक्षण, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, ऑगस्ट-सप्टेंबरात निंदणी आणि रानफुलं.

भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजव्यांमुळे सर्वाधिक गर्दी होते, आणि सर्वाधिक नुकसानही तेव्हाच. काजव्याचं प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचं. त्याआधी बराच काळ अळी ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. म्हणून हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा काजव्यांच्या झाडांखाली पाचोळा झाडू नका, जाळू नका, आणि त्यांच्या घेराखाली मेमध्ये खड्डे मारू नका. लुकलुकणं ही जोडीदाराला दिलेली खूण असते. हेडलाइट आणि फ्लॅशच्या उजेडात ती दिसत नाही आणि मीलन चुकतं.

नियम ठाम ठेवा. गाड्या अंधार पडण्याआधी गावठाणाजवळ थांबवायच्या, पुढे पायी. दहा-बारा जणांमागे एक वाटाड्या. विजेरीला लाल कागद, तीही जमिनीकडे. पायवाट सोडायची नाही, कारण माद्या गवतात खाली बसलेल्या असतात. फ्लॅश बंद, स्पीकर बंद. एका रात्री किती माणसं हे ग्रामसभेने ठरवावं आणि आगाऊ नोंदणीशिवाय कोणालाही घेऊ नये. कासला रोजची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे. पाहुण्यांना त्याची सवय झालेली आहे.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं : सरपण. वीस पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, चुलीवरचं जेवण आणि रात्रीची शेकोटी मिळून जे लाकूड जळतं ते त्याच जंगलातून येतं. शेकोटी पूर्ण बंद ठेवा, पाणी सौर बंबावर किंवा गॅसवर तापवा, चूल भाकरीपुरती. रानभाज्या एका दिवशी एकच, आणि मुळासकट नाही.

पाहुण्यांना येण्याआधीच कळवायचं : पायात घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्या, रेनकोट, स्वतःची पाण्याची बाटली. फुरसं आणि घोणस या भागात आहेत. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे आणि तिथवर रात्री गाडी कोणाची, हे हंगामाआधी विचारून भिंतीवर लिहून ठेवा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी लावणी रद्द आणि ओढा ओलांडणं बंद, पैसे परत द्यावे लागले तरी.

मोजणी

ऑक्टोबरात एकदा आणि मेअखेर एकदा, प्रत्येक रांग चालत जाऊन मोजा : जिवंत, मेलेलं, आणि मेल्याचं कारण. बुंध्याशी कुरतडलेलं, गुरांनी शेंडा खाल्लेला, करपलेलं, कुजलेलं, वाळवीने पोखरलेलं, हे बघून लगेच ओळखता येतं. एकाच कोपऱ्यात कुजलेली रोपं जास्त असतील तर तिथे पाणी साचतं, पुढच्या वर्षी अर्जुन लावा. शेंडे खाल्लेले असतील तर कुंपण कुठे फुटलंय ते शोधा. हाच तक्ता, मेलेल्यांच्या आकड्यासकट, त्या वर्षीच्या सगळ्या पाहुण्यांना पाठवा.

पहिल्या मेमध्ये शंभरात सत्तर जिवंत असतील तर जुलैत नांग्या भरा आणि पुढचा एकर घ्या. पन्नासच्या खाली असतील तर नवीन एकर घेऊ नका. कारण दुरुस्त करून त्याच एकरावर दुसरा पावसाळा काढा. तिसऱ्या मेनंतर शेंडे गुरांच्या तोंडाच्या वर गेले असले, तर राखणदाराला पुढच्या एकरावर हलवता येतं. जाळरेषा मात्र दोन्हीभोवती दर डिसेंबरात काढायची.